ओढण्याची क्षमता

डॉक्टरांवर आयुष्यात वजनदार असं काही उचलायची वेळ कधी आलीच नव्हती. ते दातांचे डॉक्टर. त्यांनी स्वतःच्या बळावर जागची हलवलेली सर्वांत दांडगी वस्तू म्हणजे एका बांधकाम कंत्राटदाराची अक्कलदाढ, आणि तीसुद्धा चिमट्यात मावली होती. अशा माणसाला मागे उघडा हौदा असलेली पिकअप कशाला लागते, हा प्रश्न त्यांच्या बायकोला पडला, शेजाऱ्यांना पडला, दवाखान्यातल्या नर्सबाईंना पडला. डॉक्टरांना तेवढा पडला नाही.

झालं होतं असं, की दाढ काढून घेतल्यावर तो कंत्राटदार अर्धं तोंड बधिर, गालात कापूस, अशा अवस्थेत खाली उतरला. डॉक्टर सहज खिडकीशी उभे होते. खाली त्याची पिकअप होती. हौद्यात शिडी, पाइप, सिमेंटच्या गोण्या. तो आत बसला, एका हाताने स्टिअरिंग फिरवलं आणि रस्ता तीर्थरूपांनी नावावर करून दिल्यासारखा निघून गेला. शेजारीच डॉक्टरांची छोटी गाडी उभी होती. इतकी वर्षं तिने कुरकुर न करता त्यांना दवाखान्यात आणलं, घरी नेलं. त्या दिवसापासून ती त्यांच्या डोळ्यांत खुपू लागली.

बाजारात मध्यम आकाराच्या दोन पिकअप एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. रंग दोघींना सगळेच मिळत, पण जाहिरातीत एक लाल होती आणि दुसरी निळी, म्हणून डॉक्टरांच्या मनात त्या तशाच ठसल्या. लाल म्हणजे ताकद: उंच, रुंद छातीची, सुरू झाली की आजूबाजूच्या खिडक्यांना कापरं भरवणारी. निळी म्हणजे सभ्यता: चामड्याच्या गाद्या, आपोआप बदलणारे गिअर आणि खड्ड्यातून जाताना मांडीवरचं बाळ जागं होणार नाही अशी चाल. डॉक्टरांच्या मांडीवर बाळ नव्हतं. एकुलती एक मुलगी लग्न होऊन केव्हाच दूर गेली होती. पण सोय असलेली बरी.

खरी लढाई होती ती ओढण्याच्या क्षमतेची. लाल गाडी निळीपेक्षा किंचित मोठी होडी मागे बांधून ओढू शकत होती. डॉक्टरांकडे होडी नव्हती. त्यांना पोहता येत नव्हतं आणि लांबच्या प्रवासात मळमळायचं. तरीही तो ‘किंचित’ त्यांना सकाळी दाढी करताना सतावत असे. उद्या होडी घेतली आणि गाडीने ओढली नाही, तर चारचौघांत काय तोंड दाखवायचं?

वर्षभर त्यांनी दुसरा विषय काढला नाही. दवाखान्यात तर त्यांना रानच मोकळं होतं, कारण समोरच्याचं तोंड त्यांच्याच ताब्यात असायचं. एका हाताने गाल ओढून धरत ते विचारायचे, लाल की निळी? खुर्चीतला माणूस आकांताने ‘आँ’ म्हणायचा. ते मत लालच्या खात्यात जमा व्हायचं. लालने चांगली आघाडी घेतली होती. नर्सबाईंनी एकदा शांतपणे सुचवलं, की हाच प्रश्न भूल देण्याआधी विचारून पाहा. डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही.

घरी त्यांचा हक्काचा श्रोता म्हणजे मेहुणा. हा बायकोचा धाकटा भाऊ, विमा एजंट, आणि जी वस्तू मागून आणता येते ती विकत घेणं हा मूर्खपणा आहे या मताचा. डॉक्टरांची शिडी, ड्रिल मशीन आणि प्रवासाची मोठी बॅग त्याच्याकडे कायमची पाहुणी गेली होती. तो पहिल्यापासून लालच्या बाजूने. “भाऊजी, घ्यायची तर बाप गाडी घ्या,” असं तो म्हणायचा, आणि तो बाप कुणाच्या दारात राबणार हे त्याला नीट ठाऊक होतं.

राहता राहिली बायको. ती मातीची भांडी करायची. घराच्या गॅरेजमध्ये तिचं चाक होतं, विजेची भट्टी होती, भिंतभर फळ्या होत्या आणि त्यांवर वाळत ठेवलेले कप, वाडगे, सुरया. डॉक्टर याला ‘हिचा छंद’ म्हणत. लग्नानंतर कधीतरी त्यांनी हा शब्द ठरवला होता आणि त्यात बदल करावा असं काही त्यांच्या पाहण्यात आलं नव्हतं. मातीच्या गोण्या ती छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर घालून आणायची, एका खेपेला जेमतेम दोन. त्या सीटवर कायम पांढरट थर असायचा. शहरात धूळ फार वाढलीय, असं डॉक्टर म्हणायचे आणि काच वर करायचे.

तिने पिकअपबद्दल एकदाच विचारलं.

“त्यात वाहणार काय?”

“लागतं गं कधी ना कधी,” डॉक्टर म्हणाले.

“काय लागतं?”

“सामान.”

“कसलं?”

डॉक्टरांनी तिला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा चाकं फिरवणारा जोर, काय असतो ते समजावून सांगितलं, आणि पुढेही सांगत राहिले. ती ऐकून घ्यायची. मधूनमधून मान हलवायची. एवढं मन लावून ऐकणारी बायको मिळायला भाग्य लागतं, असं त्यांना वाटायचं. त्या वेळी तिच्या मनात तिसरंच काही चाललेलं असेल, ही शंका त्यांना शिवली नाही. टॉर्कसमोर मन दुसरीकडे जाईलच कसं?

शेवटी एका रविवारी त्यांनी टेप घेऊन गॅरेज मोजलं. लाल असो नाहीतर निळी, भट्टी जागेवर असताना गाडी आत शिरणं शक्य नव्हतं. निम्मी गाडी बाहेर राहिली असती, आणि नवी कोरी पिकअप निम्मी पावसात ठेवायची म्हणजे काळजाचा तुकडा अंगणात ठेवण्यासारखं. डॉक्टरांनी दोन दिवस शब्द जुळवले. मग चहाच्या वेळी, कप तिनेच केलेला होता, त्यात पाहत म्हणाले, की तिचं ते मातीचं थोडंसं सरकवता आलं तर बरं होईल.

“किती सरकवू?” तिने विचारलं.

“जरासंच. म्हणजे भट्टी, फळ्या आणि ते चाक.”

तिच्याकडे आणखी काही उरत नव्हतं. पण ती चिडली नाही. म्हणाली, “बरं. सरकवते.”

डॉक्टरांच्या छातीवरची धोंड उतरली. दुसऱ्या दिवशी खुर्चीत आडव्या पडलेल्या प्रत्येकाला त्यांनी आपल्या समजूतदार बायकोबद्दल सांगितलं. तेही सगळे ‘आँ’ म्हणाले.

दोन्ही शोरूमवाले डॉक्टरांना इतके कंटाळले होते, की एकदाची गाडी घेऊन जा आणि काय ते ठरवा, म्हणून दोघांनी दिवसभराच्या चाचणीसाठी गाडी द्यायचं कबूल केलं. आधी लाल मिळाली. मेहुण्याबरोबर घाटात जायचं, चढावर इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि वर पोचून गाडीला टेकून फोटो काढायचे, असा बेत होता. टोपीही घेतली होती.

सकाळी ते गाडी घेऊन दारात आले, तर बायको जुने कपडे घालून, डोक्याला रुमाल बांधून गॅरेजच्या दारात उभी. मागे फळ्या उतरवून, कप कागदात गुंडाळून खोक्यांत भरलेले.

“बरं झालं वेळेवर आलात,” ती म्हणाली. “माल घालूनच बघायला हवी ना गाडी? रिकामी कशी कळणार?”

वर्षभर डॉक्टरच सांगत आले होते, की गाडीची परीक्षा ओझ्याखाली होते. त्यांनी विचारलं, की हे सगळं नेऊन ठेवायचं कुठे. बाजारामागच्या गल्लीत एक छापखाना बंद पडलाय, ती म्हणाली, त्याची जागा घेतलीय. जाड वायरिंग आहे, भट्टी चालते.

“घेतलीस म्हणजे?”

“भाड्याने. तुम्ही सरकवायला सांगितलंत, मी सरकवलं.”

पुढचा सगळा दिवस डॉक्टरांना फारसा आठवावासा वाटत नाही. लाल गाडीचा हौदा पुरुषाच्या छातीएवढ्या उंचीवर होता. जाहिरातीत ती उंची फार रुबाबदार दिसायची. मातीची गोणी पोटाशी धरून त्या उंचीवर चढवताना तिच्यात रुबाब कमी आणि अघोरीपणा जास्त जाणवत होता. मेहुण्याने दुसऱ्याच गोणीला “आई गं” म्हटलं, कंबर धरली आणि तो पुढच्या सीटवर जाऊन बसला. सीटला कंबरेसाठी हवा भरायचं बटन होतं. ते सोडून त्याने दिवसभर कशालाही हात लावला नाही. बाप गाडी आहे, हे मत मात्र त्याने आडवं पडूनही सोडलं नाही.

छापखान्याच्या गल्लीत गाडी मागे घेताना डॉक्टर फसले. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला सायकली, आणि आरसे एवढे मोठे की त्यांत सगळं जग दिसत होतं, फक्त आपण कुठे चाललोय ते कळत नव्हतं. मागे एक भाजीवाला हॉर्न वाजवत थांबला. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. बायको उतरून त्यांच्या दाराशी आली, त्यांना खाली उतरायची खूण केली, आत चढून बसली, मान वळवली आणि गाडी एका दमात छापखान्याच्या दाराला लावली. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या आणि लगेच कण्हला.

“तू कधी शिकलीस हे?” डॉक्टरांनी विचारलं.

“मातीवाल्याचं गोदाम असंच आहे,” ती म्हणाली आणि खोकी उतरवायला लागली.

लाल गाडी संध्याकाळी शोरूममध्ये परत गेली, तेव्हा ती जवळजवळ गुलाबी झाली होती. तिथल्या माणसाने बोट फिरवून पाहिलं आणि डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, “चाचणी.” आणि निघाले.

ही बातमी पलीकडच्या शोरूमला पोचायला वेळ लागला नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात निळी आली ती आपल्या सेल्समनला सोबत घेऊन. हा टाय लावलेला, चकचकीत बुटांचा, तिशीतला गृहस्थ. गाडीच्या अंगावर ओरखडा उठू नये एवढ्यासाठी त्याला पाठवलं होतं. आज भट्टी जायची होती. भट्टी म्हणजे कपाटाएवढी लोखंडी पेटी, आत विटा. ती उचलायला चार हमाल आले. मेहुणा आला नाही. त्याने फोनवरून शुभेच्छा दिल्या आणि निळी घेऊ नका असं पुन्हा बजावलं.

निळीचा हौदा बुटका निघाला. भट्टी सुरळीत चढली, पण मागचा फाळका काही बंद होईना. सेल्समन म्हणाला, की मॅडम, ही गाडी तशी कुटुंबासाठी आहे. मॅडम म्हणाल्या, की भट्टी कुटुंबातलीच आहे. फाळका उघडा ठेवून, पट्टे आवळून, वर गोधडी टाकून त्यांनी ती बांधली. मागे लाल फडकं लावलं. डॉक्टरांनी छोटी गाडी घेऊन पाठोपाठ यायचं, भट्टीवर नजर ठेवायची आणि काही हललं तर हॉर्न वाजवायचा, असं काम त्यांना मिळालं. निळी पिकअप चालवायचं काम बायकोने न विचारता घेतलं. डॉक्टरांनी त्या दिवशीही टोपी घातली होती.

अशी वरात निघाली. डॉक्टर नेमून दिल्याप्रमाणे भट्टीकडे बघत होते. भट्टी हलत नव्हती. मग भट्टीच्या बाजूने, मागच्या काचेतून, त्यांना बायकोचं डोकं दिसायला लागलं. ती शेजारी बसलेल्या सेल्समनला काहीतरी सांगत होती. सिग्नलला थांबली तेव्हा ती मान मागे टाकून हसली, आणि तो टायवालाही स्टिअरिंगकडे बोट दाखवत हसू लागला. डॉक्टरांना खूप वेळ कळेना, की आपल्याला नेमकं काय होतंय. मत्सर म्हणावा तर टायवाल्यात मत्सर करण्यासारखं काही नव्हतं. मग लक्षात आलं, की ती अशी हसताना आपण आत नव्हे, मागच्या गाडीत आहोत. आणि हे आजच झालंय, अशातला भाग नाही.

दिवा हिरवा झाला. ती निघून गेली तरी ते जागेवरच होते. मागच्याने हॉर्न दिला.

छापखान्याची जागा त्यांनी आधीच्या खेपेला धड पाहिलीच नव्हती. धापा टाकण्यात वेळ गेला होता. आज पाहिली. भिंती ताज्या रंगवलेल्या. चाकं एक नाही, चार. दोन बायका ॲप्रन घालून फरशी पुसत होत्या आणि तिला ‘बाई, हे कुठे ठेवू’ म्हणून विचारत होत्या. दारावर तिच्या नावाची पाटी होती. कोपऱ्यात एकसारख्या थाळ्यांची चवड होती. त्या नदीकाठच्या हॉटेलच्या आहेत, पुसणारीने सांगितलं, त्यांची सगळी भांडी आता इथूनच जाणार. ‘छंद’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडाशी आला आणि तिथेच अडकला. दातखिळी बसणं म्हणजे काय, हे त्यांना व्यवसायामुळे ठाऊक होतं. अनुभव पहिलाच.

हमाल गेले. भट्टी जागेवर बसली. बायको पट्टे गुंडाळत होती. डॉक्टर तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

“हे सगळं कधी ठरलं?”

“तुम्ही मला टॉर्क समजावून सांगत होतात ना, तेव्हा.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं होतं. हॉटेलचं सांगितलं, जागेचंही सांगितलं. तुम्ही म्हणालात, छान, आणि मग विचारलंत की चामड्याच्या गाद्या उन्हात तापतील का.”

डॉक्टरांना आठवलं. गाद्यांचं आठवलं. त्याच्या आधीचं काही केल्या आठवेना. त्यांनी एका कपाचा कान उगाच चाचपून पाहिला. मग जमिनीकडे बघत त्यांनी ते विचारलं, जे सिग्नलपासून त्यांच्या मनात होतं.

“तू घर सोडून चाललीस का?”

तिने पट्टा खाली ठेवला. पहिल्यांदा ती त्यांच्याकडे नीट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा चिमटा काढायचा भाव गेला होता.

“भट्टी गेलीय हो,” ती म्हणाली. “मी संध्याकाळी घरी आहे. पण उगाच बरं वाटावं म्हणून सांगत नाही, मला तिथे फार एकटं वाटायचं. तुम्ही समोर बसून बोलत असायचात, तरी.”

डॉक्टरांनी टोपी काढली. तिने ती त्यांच्या हातातून घेतली, तिच्यावरची माती झटकली आणि खुंटीला अडकवली. मग म्हणाली, की गाडी मात्र आता खरोखरच लागणार आहे. हॉटेलला माल पोचवायचा, माती आणायची. तेव्हा वर्षभराचा अभ्यास वाया गेला असं समजू नका, आपण घेऊया, पण मी बघते.

तिने ती बाहेर उभ्या टायवाल्याशी बोलून दहा-पंधरा मिनिटांत बघितली. याच निळीचा एक साधा प्रकार होता. गाद्या रेक्झिनच्या, मागची सीट नाही, म्हणून हौदा लांब, आणि तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडणारे. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर तो होता. डॉक्टर त्या पानापर्यंत कधी गेलेच नव्हते, कारण तिथे फोटोत डोंगर नव्हता, एक साधं गोदाम होतं. तिने रंग पांढरा सांगितला, माती दिसू नये म्हणून. डॉक्टरांनी क्षीण आवाजात ओढण्याच्या क्षमतेचा मुद्दा काढला. साध्या प्रकारात ती कमी होती.

“मला ओढायचं काही नाही,” ती म्हणाली. “वाहायचं आहे.”

मेहुण्याला हा विश्वासघात वाटला. तरी पांढरी गाडी आल्याच्या आठवड्यातच तो सोफा न्यायला ती मागायला आला. ताईने आनंदाने हो म्हटलं. फक्त आधी मातीच्या गोण्या उतरवून दे आणि मग घेऊन जा, एवढीच अट. त्याची कंबर जागच्या जागी धरली. सोफा अजून आहे तिथेच आहे.

डॉक्टरांचं गॅरेज रिकामं झालं. छोटी गाडी त्यात उभी राहिली की चहूबाजूंनी एवढी जागा उरायची, की पडदा लावलेल्या मोठ्या नाटकगृहात एकच प्रेक्षक बसल्यासारखं वाटायचं. काही दिवस ते संध्याकाळी तिथे जाऊन उगाच दिवा लावून यायचे. मग एका रविवारी सकाळी बायको निघाली, तेव्हा तेही बूट घालून बाहेर आले आणि म्हणाले, की आज मोकळाच आहे. तिने शेजारच्या सीटवरचं खोकं उचलून मागे ठेवलं.

गाडी तिनेच चालवली. सुरयांचं एक खोकं फार नाजूक होतं, ते डॉक्टरांच्या मांडीवर दिलं. वाटेत ती झिलईबद्दल बोलत होती, की भट्टीत एकच रंग वरच्या फळीवर वेगळा निघतो आणि खालच्या फळीवर वेगळा. डॉक्टरांना पहिल्यांदा काहीच कळलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिने गाडी बाजूला घेतली आणि हाताने हवेत भट्टी काढून दाखवली.

हॉटेलच्या मागच्या दाराशी खोकी उतरवायचं काम डॉक्टरांनी अंगावर घेतलं. आत-बाहेर करून शर्ट घामाने चिकटला, केसांना माती लागली. हॉटेलचा मुख्य आचारी थाळ्या तपासायला बाहेर आला. त्याने डॉक्टरांना एक खोकं जपून, दोन्ही पाय फाकवून खाली ठेवताना बघितलं आणि तिला हलकेच विचारलं, “हे तुमच्याकडे कामाला का?”

डॉक्टर थबकले.

“नवीन आहेत,” ती म्हणाली. “शिकतायत.”

आचाऱ्याने समजून मान हलवली आणि जाताना डॉक्टरांना सांगितलं, की पुढचं खोकं जड आहे, गुडघ्यांतून उचला. डॉक्टरांनी गुडघ्यांतून उचललं.